वेतुरियाची दर्शनी खोली

वेतुरियाला वस्तूंची नजर होती. रिकामा कोनाडा दिसला की तिथे काय शोभेल हे तिला आधी कळायचं, वस्तू मागाहून मिळायची. लग्न होऊन ती सिबिऊ शहराजवळच्या त्या गावात आली तेव्हा घरात दोन खाटा, एक टेबल आणि सासूने भिंतीवर ठोकलेलं कॅलेंडर एवढंच होतं. पहिल्याच आठवड्यात तिने कॅलेंडर उतरवलं आणि सासूशी कायमचं वाकडं घेतलं.

शेजारचं घर रोझिना शुस्टरचं. रोझिना जर्मन होती. गावातले निम्मे लोक जर्मनच, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. वेतुरिया तिच्याकडे धुणं आणि फरशी करायला जायची. फरशी तासाभरात व्हायची, पण ती दोन तास लावायची. फडकं हातात धरून भिंतीवरच्या निळ्या चिनी मातीच्या थाळ्या बघत बसायची, फुलं रंगवलेली हिरवी पेटी बघत बसायची. जिन्याखाली जमिनीवर डुलणारा एक लाकडी पाळणा होता. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर लाल ट्यूलिपची फुलं आणि त्याखाली नाव होतं: आग्नेटा, १९५३. रोझिनाची एकुलती एक मुलगी. आठ महिन्यांची असताना तापाने गेली, आणि त्यानंतर रोझिनाच्या घरात मूल झालं नाही. तो पाळणा रोझिना स्वतःच पुसायची.

वेतुरियाची मुलगी दोइना मात्र त्या घरात स्वतःचंच घर असल्यासारखी वावरायची. चालायला तिथेच शिकली, अक्षरं तिथेच गिरवली. ती रोझिनाला रोझी आजी म्हणायची.

कम्युनिस्टांची राजवट कोसळली आणि सरहद्दी उघडल्या, तेव्हा जर्मन मंडळी भराभर निघाली. रोझिनालाही तिचा भाचा न्यायला आला. गाडीत दोन सुटकेसची जागा होती. रोझिनाने वेतुरियाच्या हातात किल्ली दिली.

"घर सरकारजमा होईल. त्याआधी सामान तुझ्याकडे ने. हवं ते वापर. पाळणा तेवढा जपून ठेव, मी मागवून घेईन."

"तुम्ही निर्धास्त जा बाई. डोळ्यांत तेल घालून सांभाळीन," वेतुरिया म्हणाली. खरंच रडली ती तेव्हा. आणि गाडी वळणाआड जाताच नवऱ्याला म्हणाली, "हातगाडी काढ. आधी पेटी आणू."

वर्षभराने रोझिनाचं पत्र आलं. भाच्याच्या ओळखीचा एक ट्रकवाला येतोय, त्याच्याजवळ पाळणा दे. वेतुरियाने पत्र वाचलं, घडी घातली आणि उत्तर दिलं नाही. ट्रकवाला आला त्या दिवशी ती घराला कुलूप लावून बहिणीकडे गेली. पुढे आणखी दोन पत्रं आली, मग यायची थांबली.

तोवर तिची दर्शनी खोली आकाराला येत होती. नुसत्या जुन्या वस्तू मांडल्या की घर वस्तुसंग्रहालयासारखं मेलेलं दिसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने हिरव्या पेटीवर सासऱ्याचा साठ सालचा रेडिओ ठेवला. रेडिओवर काचेचा मासा, जो त्या काळी घरोघरी टीव्हीवर असायचा आणि ज्याला आता सगळे हसायचे. निळ्या थाळ्या तिने रांगेत लावल्या नाहीत. पाच एकत्र, दोन दूर, मधली भिंत मोकळी. पडदे सिबिऊच्या नव्या दुकानातले, अगदी साधे, राखाडी. बघणारा दारातच थबकायचा. बायका म्हणायच्या, "वेतुरिया, हे सुचतं कसं गं तुला?" ती म्हणायची, "आमच्या आजीचं सगळं. रक्तातच आहे."

पाळणा मात्र कुठेच बसेना. खाली ठेवला तर ठेच लागायची, कोपऱ्यात ठेवला तर अडगळ वाटायची. शेवटी तिने सुताराला बोलावलं, खालच्या झुलत्या पट्ट्या कापायला लावल्या आणि चार काळे लोखंडी पाय बसवून घेतले. आत पत्र्याचं अस्तर घालून माती भरली. त्यात पांढऱ्या जिरेनियमची फुलझाडं लावली आणि तो खिडकीखाली ठेवला. सुताराने विचारलं, "नाव खरवडून टाकू?"

"नको. जुनी अक्षरं शोभून दिसतात."

दोन हजार चार साली, उन्हाळ्यात, रोझिना आली. न कळवता आली, बसने, एकटी. वय शहात्तर. वेतुरियाचा नवरा तोवर वारला होता. दोइना वीस वर्षांची होती, तिनेच फाटक उघडलं. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग दोइना तिच्या गळ्यातच पडली.

वेतुरियाने पाहुणीला दर्शनी खोलीत बसवलं. तिच्याच खुर्चीवर बसवलं आणि कॉफी दिली तीही तिच्याच कपात. अक्रोड घातलेला गोड पाव कापला. रोझिना सावकाश सगळीकडे बघत होती.

"छान मांडलंयस," ती म्हणाली. "माझ्याकडे एवढं छान कधी दिसलं नाही."

"मुळात बरंचसं आमचंच आहे हे," वेतुरिया म्हणाली. "तुम्हाला आता नीट आठवत नसेल. वय होतं माणसाचं."

दोइनाने कप खाली ठेवला. "आई."

"काय आई? पाव दे त्यांना."

रोझिनाची नजर खिडकीखाली गेली होती. ती उठली, जवळ गेली, कमरेत वाकली. जिरेनियमची पानं बाजूला सारून तिने फळीवरून बोट फिरवलं. पाणी झिरपून ट्यूलिपचा रंग खालून उडाला होता. मग वळली तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखाच शांत होता.

"वेतुरिया, मला यातलं काही नको. पेटी नको, थाळ्या नकोत. एवढी फळी काढून दे. पिशवीत मावेल."

वेतुरियाने फळीकडे बघितलं. मग पडद्याकडे, मग पेटीकडे. खोलीतला तो लाल रंग तेवढाच होता. नजर दारातून आत येऊन तिथे टेकायची.

"ती काढली तर पाळणा भुंडा दिसेल, बाई. आणि पक्की चिकटवलीय. पन्नास वर्षं झाली की हो. ज्याचं दुःख त्याच्या मनात असतं, लाकडात थोडंच असतं?"

रोझिनाने पिशवी उचलली. "बस तीनला आहे. तोवर दफनभूमीत बसते जरा," ती दोइनाला म्हणाली आणि गेली.

वेतुरिया कप धुवायला मागे गेली. पाणी वाहत होतं म्हणून तिला आवाज लवकर ऐकू आला नाही. ती धावत आली तेव्हा पाळणा आडवा पडला होता, माती गालिचावर सांडली होती, आणि दोइना घरात नव्हती. पटाशीने ओढताना फळी मधोमध तडकली होती. अर्धी पाळण्यालाच राहिली होती, अर्धी गेली होती.

वेतुरिया ओल्या हातांनीच चर्चमागच्या दफनभूमीत गेली. रोझिना थडग्याच्या एका लहानशा दगडाशेजारी बसली होती. मांडीवर फळीचा तुकडा. त्यावर 'आग्ने' एवढीच अक्षरं. दोइना तिच्या पायाशी बसून म्हणत होती, "माझ्याकडून नीट निघाली नाही गं आजी. घाई केली मी."

"पुरे आहे," रोझिना म्हणाली. "एवढं पुरे आहे मला."

वेतुरियाने वाकून तो तुकडा तिच्या मांडीवरून उचलला. ओढाताण झाली नाही. रोझिनाची बोटं फक्त थोडी उशिरा सुटली.

"चिकटवता येईल," वेतुरिया म्हणाली. "अर्धवट घेऊन तुम्ही तरी काय करणार?"

दोइना उभी राहिली. तिला वाटलं आजी काहीतरी बोलेल, शिव्या घालेल. रोझिनाने फक्त रुमालाने मांडीवरची माती झटकली.

"तुझी आई फरशी फार चांगली घासायची," ती दोइनाला म्हणाली. "मी तिला नेहमी सांगायचे, बस झालं, आता घरी जा. ऐकायचीच नाही."

वेतुरिया मानेपर्यंत लाल झाली. ती तुकडा पोटाशी धरून घरी आली.

संध्याकाळपर्यंत तिने तो बसवला. फट राहिली, नावाच्या मधून वरून खाली गेलेली. लाकडाचा भुसा सरसात कालवून ती बुजवायला लागली, आणि थांबली. दारात जाऊन बघितलं. फट तशीच बरी दिसत होती. तिने भुसा पुसून टाकला.

रोझिना त्या हिवाळ्यात वारली. भाच्याने काळ्या कडेचं कार्ड दोइनाच्या नावे पाठवलं. ते तिने वाचलं आणि महिन्याभरात स्पेनला कामाला निघून गेली. निघताना आईला मिठी मारली नाही आणि भांडलीही नाही. "जेवण गॅसवर आहे," एवढं म्हणाली.

वेतुरियाचं पुढे चांगलं झालं. जुन्या गावांचं वेड शहरवाल्यांना लागलं तेव्हा तिने दर्शनी खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. बुखारेस्टहून एका मासिकाची बाई छायाचित्रकार घेऊन आली. त्याने पेटी टिपली, काचेचा मासा टिपला, आणि बाई पाळण्यापुढे गुडघे टेकून बसली.

"ही भेग तुम्ही मुद्दाम ठेवलीत?"

"हो," वेतुरिया म्हणाली.

"कमाल आहे. दुसरी कोणी असती तर बुजवून टाकली असती. आग्नेटा कोण?"

"माझी थोरली बहीण. लहानपणीच गेली."

ते सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. इतक्या वेळा सांगून तिला ती बहीण दिसायला लागली होती.

मासिकात चार पानं आली. मग पाहुणे इतके वाढले की वेतुरिया स्वतः मागच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खाटेवर झोपायला लागली. दर्शनी खोलीत ती फक्त चादरी बदलायला आणि फरशी घासायला जायची.

एकदाच ती स्पेनला दोइनाकडे गेली, नातीच्या बाप्तिस्म्याला. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, भिंती पांढऱ्या. एक खिळासुद्धा नाही. चार दिवस तिने कसेबसे काढले.

"अगं, इथे निदान एक थाळी तरी लाव. पोरीला बघायला काहीतरी नको का?"

"ती मला बघते," दोइना म्हणाली.

परत आल्यावर वेतुरियाने मोठ्या मायेने एक खोकं भरलं. दोन निळ्या थाळ्या, स्वतः भरतकाम केलेला रुमाल, बाळासाठी नवा लाकडी घोडा. प्रत्येक वस्तू कुठे लावायची ते चिठ्ठीत लिहिलं. सहा आठवड्यांनी खोकं परत आलं. चिकटपट्टीही उघडलेली नव्हती. पत्ता बरोबर होता.

पोस्टमन म्हणाला, "घरी नसतील."

"नसतील," वेतुरिया म्हणाली.

तिने खोकं फोडलं. थाळ्या फुटल्या नव्हत्या. लाकडी घोडा हातात घेऊन ती दर्शनी खोलीच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. मग रेडिओशेजारी जागा केली, काचेचा मासा बोटभर डावीकडे सरकवला आणि घोडा तिथे ठेवला. छान दिसला.