सासूबाईंचा आवाज आणि माझा उजवा हात

चहा खाली ठेवा आधी. हा किस्सा माझ्या बायकोने सांगितला की माझी जितकी अब्रू जाते तितकी मी सांगितला तर जात नाही, म्हणून मीच सांगतो.

मी डब मिक्सिंग इंजिनिअर आहे. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावात, मराठी माणूस 'इंजिनिअर' म्हणाला की लोक पुढचा प्रश्न विचारतात, कुठल्या कंपनीत? मी म्हणतो, बेसमेंटमध्ये. आयटीतली नोकरी सोडून मी घराच्या तळघरात जमैकाच्या रेगे संगीताचं, म्हणजे त्यातल्या 'डब'चं, काम करतो, हे आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना अजून पचलेलं नाही.

आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. त्या नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एकदा तळघरात आल्या, दिवे बघितले, बटणं बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?"

मी उत्साहात सांगितलं, "आई, तयार गाणं घ्यायचं. ड्रम आणि बेस ठेवायचा, बाकी काढून टाकायचं. गाणाऱ्याचा आवाजसुद्धा. त्याचा एखादाच शब्द सोडायचा, तो घुमत घुमत लांब जातो."

"गाण्यातून गाणाराच काढायचा?"

"हो."

"आणि तो काही बोलत नाही?"

"तोच तर पाठवतो गाणं."

"अगं बाई," असं म्हणून त्या वर भाजी निवडायला गेल्या.

मला वाईट वाटलं, खरंच सांगतो. नोकरी सोडली तेव्हा या बाईने एक वाकडा शब्द काढला नव्हता. फक्त एवढंच, की माझं काम त्यांना कधी कामच वाटलं नाही.

मग दिवाळीचा कार्यक्रम आला. शाळेचं ऑडिटोरियम, फराळ, लहान मुलांचे नाच, सगळं नेहमीचं. आई नाशिकला भजनी मंडळात गातात हे माझ्या बायकोने, रेवाने, आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला, संदीपला, सांगून टाकलं. तो लगेच घरी हजर. आई आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाजाचं जावईबापू बघणार असतील तर गाते."

काय सांगू, इतका मान मला कुठल्या बँडने दिला नव्हता. हॉलच्या मागच्या बाजूला मिक्सर लावून मी असा बसलो, जणू विमान उतरवायचंय.

आईंनी एक जुनं भावगीत सुरू केलं. सुंदर. साथीला पेटी आणि तबला. आता माझी चूक कुठे झाली बघा. तबलजीच्या डग्ग्याला मी जरा जास्तच प्रेमाने माइक लावला होता. अंतऱ्यात तो डग्गा असा काही घुमला की माझे डोळे मिटले. आणि डोळे मिटले की माझा उजवा हात माझा राहत नाही. पेटी गेली, आईंचा आवाज गेला, उरला डग्गा. आणि आईंचा शेवटचा शब्द मी एकोमध्ये सोडून दिला.

"परतुनी… तुनी… तुनी… नी…"

ब्रुकलिनच्या क्लबात याच क्षणाला लोक नाचतात, शिट्ट्या मारतात. मी शिट्ट्यांची वाट बघत डोळे उघडले. समोर आईंचे ओठ हलतायत, आणि मोठ्या स्पीकर्समधून त्यांचा आवाज नाही. अख्खा हॉल छताकडे बघतोय.

पहिल्या रांगेतून एक जण शांतपणे म्हणाला, "काकू, यू आर ऑन म्यूट."

सगळा हॉल आयटीवाल्यांचा. चारी बाजूंनी तेच सुरू झालं. "काकू, म्यूटवर आहात." "अनम्यूट करा, काकू." आईंनी माइक उलटासुलटा करून बघितला, त्यावरचं एकुलतं एक बटण शोधलं आणि दाबलं. म्हणजे चालू असलेला माइक बंद केला. इकडे मी घाबरून आवाज वर सरकवला. काहीच नाही. आणखी वर सरकवला.

तेवढ्यात संदीप धावत स्टेजवर गेला आणि त्याने ते बटण परत दाबलं.

अशी किंकाळी निघाली स्पीकरमधून की लोकांनी कानावर हात ठेवले. एक पोरगी "ओ माय गॉड, मेक इट स्टॉप" म्हणत स्वतःच्या आईच्या कुशीत शिरली. मी सगळं खाली ओढलं. संदीपला वाटलं माइक गेला, तो बॅटरी बदलू लागला. रिटायर्ड डॉक्टर देशमुख काका पाण्याची बाटली घेऊन वर चढले आणि आईंना विचारू लागले, "बीपीची गोळी घेतली होती ना सकाळी?"

आई कशानेच बिचकल्या नाहीत. संदीपच्या हातात माइक दिला, म्हणाल्या, "राहू द्या हो ते." तबल्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि नुसत्या गायला लागल्या.

मी मिक्सरपासून खुर्ची मागे ओढली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, माझ्यापर्यंत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते निम्मंच शरमेचं होतं.

नंतर लोक येऊन माझी पाठ थोपटायला लागले. "शेवटी काय साउंड सेट केलास, यार." मी म्हटलं, अरे, मी काहीच केलं नाही. त्यांना तो विनय वाटला. संदीपने आभार मानताना माझं नाव दोनदा घेतलं.

गाडी रेवा चालवत होती. आई मागे माझ्या शेजारी बसल्या होत्या, हातात पुष्पगुच्छ. तो मांडीवर ठेवत म्हणाल्या, "जावईबापू, आज मला तुमचं काम कळलं हो. सुरुवातीला ते यंत्र बिघडलं होतं. पण नंतर माझा आवाज इतका गोड मला स्वतःलाच कधी वाटला नव्हता. काय केलंत काय तुम्ही?"

रेवाने आरशातून माझ्याकडे बघितलं. "सांग ना आता."

खोटं बोलवेना. म्हटलं, "आई, मी सगळं बंद केलं आणि हातांवर बसलो."

आईंनी नीट विचार केला. मग मोठ्या मायेने म्हणाल्या, "मग तळघरातसुद्धा तसंच करून बघा ना."