सव्वासातची हजेरी

मी पंचफुला, तोंडाची फटकळ. नागपूरच्या प्रताप नगरात विचारा कोणालेही. म्हणून यमुताईची गोष्ट मीच सांगते, तिले नाही सांगता येणार.

यमुताई माही शेजारीण. तिचा नवरा, आमचे मनोहरभाऊजी, तारघरात नोकरीले अन् घरी हौशी रेडिओवाले. परवान्याचा सेट, छपरावर ही लांब तार. रोज सकाळी सव्वासातले पुण्याचे वामनराव त्या रेडिओवर हजेरी घेत. हैदराबाद, इंदूर, नागपूर, रायपूर. जो तो आपल्या गावाहून "हजर" म्हणे. समुद्रात कोणाची शिडाची होडी असली तर तिचा ठिकाणा घेत, अक्षांश किती, रेखांश किती. भाऊजी आकडे लिहीत अन् यमुताई भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचे. लेकरूबाळ नव्हतं. मी चिडवायची, "तुमचा संसार म्हणजे टाचण्यायचा डबा आहे बाप्पा!"

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर भाऊजी छाती धरून बसले, ते गेलेच. तेरवी झाली, पाहुणे पांगले. बोलायचा परवाना भाऊजींच्या नावाचा, म्हणून यमुताई नुसती ऐके. वामनराव रोज तीनदा हाक मारत, "नागपूर, मनोहरराव, आहात का?" उत्तर नाही आलं की पुढे रायपूर. एकदा त्यांचं कार्डही आलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. तिनं ते तांदळाच्या डब्यामागं सारलं.

मी भडकली. "काहून वं? कळवून टाक ना त्यायले!"

"कळवलं का हाक बंद होईन," ती म्हणाली. "दिवसभर या घरात कोणी बोलत नाही, पंचफुला. ती एक हाक आली का वाटते, हे आंघोळीले गेले असतीन."

"कर तुह्या मनाचं," म्हणून मी घरी आली अन् पोळ्या करता करता रडली.

फेब्रुवारीत मुंबईहून चौघं जण शिडाच्या होडीत निघाले. तिसऱ्या सकाळी मी विरजण मागायले गेली तर यमुताई सेटपुढं थिजलेली. होडीवाला ओरडून राहिला होता. डोलकाठी मोडली, पाणी शिरून राहिलं. मग आकडे. अन् वामनराव विचारून राहिले, "होडी, तुमचा आवाज येत नाही. कोणाला ऐकू येतंय का?" हैदराबाद नाही म्हणे, इंदूर नाही म्हणे. भाऊजी सांगत, ह्या लहरी आभाळाले आपटून येतात, कुठं पडतीन नेम नाही. त्या सकाळी आवाज पडला तो आमच्या गल्लीत.

आकडे तिनं लिहून घेतले होते. हात बोलायच्या बटनापर्यंत जाऊन थांबला होता.

"दाब वं!" मी ओरडली. "माणसं बुडून राहिली तिकडे!"

"मग उद्यापासून..." ती म्हणाली, अन् तिनं बटन दाबलं. "नागपूर बोलतंय."

"मनोहरराव! अहो, होतात कुठे इतके दिवस?" वामनरावांनी आवाजही नीट ऐकला नव्हता.

"मी त्यांची बायको. ते गेले, तीन महिने झाले. आधी आकडे लिहा." सोळा अंश चाळीस मिनिटं उत्तर, बहात्तर अंश दहा मिनिटं पूर्व. दोनदा वाचले, मग त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सातलेच गेली. वामनरावांनी सांगितलं, मासेमारीच्या बोटीनं चौघांनाही सुखरूप काढलं. मी टाळ्याच वाजवल्या! मग हजेरी सुरू झाली. हैदराबाद. इंदूर. थोडी खरखर. "मनोहररावांसाठी एक मिनिट शांत राहू." यमुताई पदर सावरून ताठ उभी राहिली. मिनिट झालं.

"रायपूर."

ती खाली बसली.

"चार घरचे दिवे वाचले वं," मी म्हटलं. "तुह्यामुळं."

"हो वं. चांगलं झालं." तिनं डोळे पुसले. "पण ह्यायले नावानं हाक मारणारं आता कोणी नाही राहिलं. उद्या सकाळी मी कायले उठू?"