एक पान कोरं राहिलं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, चुका माफ असाव्यात.

आज लातुरात नातीच्या क्लासच्या पाठकोऱ्या कागदांची रमजानची वही चिकटवताना खळीचा वास आला आणि भूकंपानंतरचं आमचं पत्र्याचं शेड आठवलं. तिथं माझ्या शबानाने पहिल्यांदा सगळे रोजे धरले. रोज्याला एक कागदी फूल ती वहीत चिकटवायची. मी तीस पानं शिवली होती, पण चांद एकोणतिसाव्या रोज्यालाच दिसला; दुसऱ्या दिवशी ईद, तिसावा रोजा नाहीच.

शबाना रडायला लागली. “अम्मी, माझं एक पान कोरं राहिलं!”

शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, “चांदालाच शीरखुर्म्याची लई घाई झाली गं! चिकटव त्यालाच तिथं.”

शबानाने चमकीचा चांद चिकटवला, त्याला मोठ्ठं तोंड काढलं, हातात वाटी दिली. भूकंपानंतर आमचं शेड पहिल्यांदाच पोट धरून हसलं.