पावट्याचं बी

आमच्या घरचं पावट्याचं बी अक्का राखायच्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचेही नवरे मुंबईला, त्यामुळे शेत आणि घर आम्हा दोघींवरच. भात कापलं की त्याच ओलीवर आम्ही पावटा पेरायचो. शिमग्यानंतर बी कडक उन्हात वाळवून, राख चोळून, निगडीच्या पाल्यासकट अक्का ते मडक्यात भरायच्या. कधी कीड लागली नाही, आणि मीही कधी नीट विचारून घेतलं नाही.

गेल्या साली चैत्रात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बी तेव्हा सुपातच होतं. दवाखान्याच्या धावपळीत मी ते तसंच एका डब्यात ओतलं आणि विसरले.

श्रावणात डबा उघडला तर हाताला पीठ लागलं. दाण्यादाण्याला भोक, आणि आत भुंगेरे वळवळत होते. गावात एकदा कृषी खात्याच्या लोकांनी बचत गटाच्या बायकांना किडीवर पाल्याचा अर्क करून दाखवला होता. आठवलं तसं मी केलं. निगडी आणि कडुनिंबाचा पाला ठेचला, उकळला, गाळला आणि निवल्यावर निवडलेल्या दाण्यांवर शिंपडला. भुंगेरे कमी झाले खरे, पण बाहेर पाऊस आठ दिवस थांबेना. पंख्याखाली पसरलेलं बी दमटच राहिलं. चौथ्या दिवशी त्याच्यावर पांढरी बुरशी आली.

धड राहिलेले दाणे ओंजळभर निघाले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "उंडीचं तेल लाव. पण थेंबभरच हां." मला थेंबाचा भरवसा वाटेना. दाणे चकचकीत होईस्तोवर मी तेल चोळलं. त्यानंतर एकही भुंगेरा दिसला नाही.

कार्तिकात ते पेरले. रोज सकाळी जाऊन बघत होते. दहाव्या दिवशी माती उकरली, तर दाणे कुजून मऊ पडले होते. मग वाडीत घरोघर विचारत फिरले.

"आम्ही सावर्ड्याहून पुडी आणतो गो. घरचं बी कोण ठेवतंय आता?" सगळीकडे हेच.

शेवटी मीही पुडी आणून पेरली. अक्का खाटेवरून डाव्या हाताची बोटं चोळून शेताकडे दाखवायच्या. बी उगवलं का, असं विचारायच्या. मी म्हणायचे, "उगवलंय अक्का. छान उगवलंय."

माघात त्यांच्याजवळ बसून शेंगा सोलत होते. त्यांनी एक दाणा उचलला, डोळ्यांशी नेला. आमचा पावटा तांबूस, हा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझ्याच हातून गेलं, अक्का," मी म्हटलं. "सगळंच गेलं."

त्यांनी दाणा चादरीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी माझ्या हातून घास घेतला नाही.

आता घेतात. मी भरवते, त्या गिळतात. शेताचं मात्र काही विचारत नाहीत, आणि मलाही सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.