नुसत्या जाळीचं रीडिंग

"नुसत्या जाळीचं रीडिंग कुठंय?" रिव्ह्यूला बाहेरून आलेल्या एक्स्पर्टनं विचारलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

चंदीगडच्या आमच्या सरकारी लॅबमध्ये हरप्रीत माझ्या हाताखाली पीएचडी करत होती. काम सांगायला सोपं. मुल्लानपूरहून आणलेल्या भाताच्या पेंढ्यातून लिग्निन काढायचं. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ ठेवणारा नैसर्गिक पदार्थ. तो पोटॅश मिसळून नायट्रोजनच्या भट्टीत भाजला की बारीक बारीक छिद्रांचा कोळसा मिळतो. तो धुवायचा, लगदा करायचा, निकेलच्या जाळीवर फासायचा. झाला इलेक्ट्रोड. चार्ज साठतो तो त्या छिद्रांत.

चार्ज साठवण्याचे आकडे इतके झकास आले, की डायरेक्टरसाहेब हरखून गेले. पण हरप्रीत शंकेखोर. निकेलची जाळी स्वतःसुद्धा चार्ज साठवते. म्हणून कोळसा न फासता नुसती जाळी तपासायची असते. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो.

"मॅम, ब्लँक कर लूँ?" तिनं तीनदा विचारलं.

"रिव्ह्यू सिर पे है यार, बाद में," तीनदा मीच म्हटलं.

खरं कारण वेगळंच होतं. नवरा पुण्यात, सासूबाई तिथं अंथरुणाला खिळलेल्या, आणि माझी तिकडची बदली साहेबांच्या सहीवाचून अडलेली. ब्लँक घेऊन आकडे घसरवायची आणि साहेबांचा मूड बिघडवायची माझी छाती नव्हती.

एक्स्पर्टनं सगळ्यांना लॅबमध्ये नेलं आणि नुसती जाळी लावायला सांगितली. तासाभरात सोंग उघडं पडलं. बहुतेक चार्ज जाळीच साठवत होती. ज्या कोळशाचे आम्ही गोडवे गात होतो, त्याच्या वाट्याला चिमूटभर.

साहेब हरप्रीतवर कडाडले, "इतनी बेसिक बात! ब्लँक क्यों नहीं लिया?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून जाळीच्या वायरी सोडवू लागले.

"सॉरी सर," ती म्हणाली. "रह गया."

मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा' असं आलं. तिची फेलोशिप पुढे वाढली नाही. शिपायानं निरोप आणला तेव्हा ती भट्टीची नळी घासत होती. पूर्ण घासली, जागेवर ठेवली आणि मग गेली. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यानं माझी बदलीची ऑर्डर हातात पडली. तेव्हा मला कंठ फुटला! साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, ब्लँक मैंने रुकवाया था."

त्यांनी मान वर केली नाही. "मॅडम, मिनिट्स साइन हो गए. आप पूना जाइए, फॅमिली देखिए."

आणि मी गेले. लाज वाटते, पण गेले.

हरप्रीतची पीएचडी अर्धवटच राहिली. नव्या मुलांना मी एवढंच सांगते: खरं बोलायचं असेल तर सह्या होण्याआधी बोला. नंतरचं खरं कुणाच्याच कामाचं नसतं, बोलणाऱ्याच्यासुद्धा.