चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा

सुभेदार बघायचे एक आणि ऐकायचे दुसरंच. त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलावर एकच मॉनिटर होता. त्यावर पावसाचा नकाशा असायचा, नाहीतर उसाच्या दराची बातमी. आणि त्याच वेळी खोलीच्या दोन कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून एक बाई संथ आवाजात भागाकार शिकवत असायच्या. नवखा माणूस आधी पडद्याकडे बघायचा, मग स्पीकरकडे, मग दाराकडे. चहा होईपर्यंत फारसं कोणी थांबत नसे.

साताऱ्यातली आमची कॉलनी निम्मी माजी सैनिकांचीच, पण नुसतं ‘सुभेदार’ म्हटलं की हेच. सगळी नोकरी फौजेच्या सिग्नल विभागात गेलेली. मी शेजारचा, कचेरीतून निवृत्त झालेला. त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कॉलनी त्यांना बाई म्हणायची आणि सुभेदारही बाईच म्हणायचे. त्या गेल्या आणि महिनाभरात सुभेदारांनी ही सगळी जोडणी मांडली. वायरची टोकं धरायला मी होतो.

कॉम्प्युटर तीन होते. एक मुलानं घेऊन दिलेला नवा, एक जुना, ज्यात पलटणीतले फोटो होते, आणि तिसरा बाईंचा. तिन्हींची चित्रं एका डबीत आणून ती डबी मॉनिटरला जोडली. बटण दाबलं की हवं ते चित्र यायचं. आवाजाच्या वायरी मात्र त्यांनी वेगळ्या काढल्या आणि मिलिटरी कँटीनमधून आणलेल्या, स्पीकर जोडलेल्या मोठ्या काळ्या रिसीव्हरला लावल्या. त्याचा नॉब फिरवला की हव्या त्या कॉम्प्युटरचा आवाज यायचा. मी म्हणालो, “एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात की. हा दुप्पट पसारा कशाला?”

“जातंय की. पर मग आवाजासंगं बाईचं तोंडबी बगाय लागंल. तेवढी छाती न्हाई आपली.” आणि थोड्या वेळानं म्हणाले, “आवं, डोळं कुठंबी हिंडू द्यात. कान ठाण्यावर पायजेत.”

मग नॉब बाईंच्या कॉम्प्युटरवर आला तो तिथंच राहिला. कॉम्प्युटर त्यांनी बाईंच्या लोखंडी कपाटात ठेवला होता. मागचा पत्रा कापून वायरी बाहेर काढल्या होत्या आणि दार लावून घेतलं होतं. समोरून बघणाऱ्याला टेबलावरचे दोनच दिसायचे.

शाळा बंद होत्या त्या काळात बाईंनी चौथीच्या मुलांसाठी घरून धडे रेकॉर्ड करून पाठवले होते. ते सगळे त्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि तो ते मनाला येईल त्या क्रमानं वाजवायचा. बाईंची एक पद्धत होती. प्रश्न विचारला की त्या थांबायच्या. घरी बसलेल्या पोराला उत्तर देता येईल इतका वेळ थांबायच्या, आणि मग पुढं जायच्या.

“बहात्तर भागिले आठ? सांगा बरं.”

सुभेदार नकाशावरची नजर न काढता म्हणायचे, “नऊ.”

“बरोबर.”

आमचं स्वयंपाकघर त्यांच्या भिंतीला लागून. भिंतीतून शब्द कळायचे नाहीत, पण एक आवाज विचारतोय आणि दुसरा उत्तर देतोय हे कळायचं. कणीक मळता मळता माझी बायको थांबायची. मी म्हणायचो, रेकॉर्डिंग आहे ते. ती म्हणायची, “असू दे. पण मेलेलं माणूस इतकं नीट ऐकून घेतं का?”

मी रोज पेपर वाचायला सुभेदारांकडे जायचो. एकदा चपला काढून उंबऱ्यात पाय ठेवतो तोच स्पीकरमधून आवाज आला, “उशीर झाला का? असू दे. खाली बसा.” कुठल्या तरी धड्याची ती सुरुवात होती हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी होतो तिथंच उभा राहिलो. सुभेदार म्हणाले, “बसा की. बाई सांगत्याती ते कळंना व्हय?”

आम्ही हसलो. पण पुढं पुढं मला तिथं पेपर वाचता येईना. बाई थांबल्या की खोलीत काहीतरी माझ्याकडे वळून बघतंय असं वाटायचं. एकदा सुभेदार चहा ठेवायला आत गेले होते. बाईंनी गुणाकार विचारला, थांबल्या, आणि उत्तर माझ्या तोंडून गेलं. “शाब्बास,” बाई म्हणाल्या. आयुष्यात मला शाब्बास म्हणणारी माणसं थोडी. त्या दिवसापासून सुभेदार आत केव्हा जातात याची मी वाट बघू लागलो. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. माझ्या विसरण्यावरून सून आधीच माझ्याकडे निरखून बघायला लागली होती.

सांगलीहून त्यांचा मुलगा दीपक आला की मात्र आवाज शून्यावर जायचा. गाडी दारात लागताच सुभेदार उठून रिसीव्हरचा आवाज बंद करायचे. “पोराला न्हाई सोसायचं. लय आईयेडा हाय त्यो.” त्यामुळे दीपकनं तो आवाज कधी ऐकलाच नाही. त्यानं ऐकलं ते कॉलनीकडून. सुभेदार मेलेल्या बायकोशी बोलतात, तीही बोलते, असं कोणीतरी त्याला फोन करून कळवलं.

तो आला, त्यानं बापाला सरळ विचारलं, “बाबा, आई बोलते का तुमच्याशी?”

“बोलती की.”

“मला ऐकवा मग.”

“तुला न्हाई ऐकवायचं.”

दीपक अंगणात माझ्याकडे आला. चेहरा उतरला होता. “काका, तुम्ही रोज तिथं असता. खरं सांगा, तुम्हाला काही ऐकू येतं का?”

कपाटाचं दार उघडून दाखवलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण मग त्यानं पुढचं विचारलं असतं, की रोज तिथं बसून तुम्ही काय करता? माझी सून आमच्या ओट्यावर उभी होती. मी म्हणालो, “मला बाबा काही ऐकू येत नाही. मी पेपर वाचायला जातो.”

“म्हणजे भासच.”

“असेल.”

आठवड्याच्या आत तो सुभेदारांना सांगलीला घेऊन गेला. त्यांनी जाताना कुरकूर केली नाही. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, “ठाणं सांभाळा.” घराला कुलूप लागलं. पुढं सामान टेंपोत घालून सांगलीला गेलं, त्यात ते कपाटही गेलं.

मी एकदा त्यांना भेटायला गेलो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि ते गॅलरीत बसून होते. मला ओळखलं, पण बोलले नाहीत. त्यांची सून भली बाई. हळूच मला म्हणाली, “आता आईंचं नाव काढत नाहीत. पण जेवता जेवता मधेच आकडे सांगतात.” मी तिथं असताना ते दोनदा घडलं. खाली वाहनांचा आवाज चालू होता. सुभेदारांनी मान जरा कलती केली, थोडं थांबले आणि स्पष्ट म्हणाले, “छपन्न.” मग पुढच्या शब्दासाठी थांबून राहिले.

त्यानंतर मी गेलो तो त्यांच्या दिवसांनाच.

पाहुणे पांगल्यावर मी दीपकला सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, कपाट, धडे, आणि मीही उत्तरं द्यायचो तेसुद्धा. कपाट उघडून त्यानं कॉम्प्युटर बाहेर काढला, आपल्या टेबलावरच्या मॉनिटरची वायर काढून त्याला लावली. आता चित्र आणि आवाज एकत्रच आले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना बघितलं. निळ्या साडीत, भिंतीवर टांगलेल्या फळ्यापुढं उभ्या होत्या.

“चार नवे किती?” त्यांनी विचारलं आणि कॅमेऱ्याच्या मागं कोणाकडे तरी बघितलं.

कॅमेऱ्यामागून अगदी हलक्या आवाजात उत्तर आलं, “छत्तीस.” बाईंनी मान डोलावली. “बरोबर.”

आवाज सुभेदारांचा होता; रेकॉर्डिंगच्या वेळी ते तिथंच बसलेले होते. पोरांना किती वेळ द्यायचा हे बाईंना कळावं म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला पोरासारखं उत्तर देत होते. साताऱ्याच्या खोलीत ते आपल्याच आवाजावर आवाज ठेवून बोलायचे, आणि ते आत गेले की त्यावर माझा आवाज पडायचा, म्हणून मला तो कधी वेगळा ऐकू आला नाही.

दीपकनं आवाज वाढवला नाही, बंदही केला नाही. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, “काका, मी तुम्हाला विचारलं होतं.”

“विचारलं होतंस,” मी म्हणालो.

पडद्यावर बाईंनी पुढचं गणित घातलं आणि त्या थांबल्या. आम्ही दोघंही वाट बघत राहिलो.