सुनंदाचा रिकामा डबा

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या सुनंदाला डबाभर शेंगोळे दिले. तिनं डबा रिकामाच परत पाठवला, चिमूटभर साखरसुद्धा न घालता.

आठ दिवस माझ्या डोक्यात तेच. मीठ जास्त झालं होतं का? की मी तिच्या पडद्यांना नावं ठेवली, ते लागलं? नवरा म्हणाला, "तू लई विचार करती."

आज तिच्याकडून साबुदाणा वडे आले. पोटभर खाल्ले, डबा लख्ख घासला अन् रिकामाच धाडला.

तासाभरात सुनंदा दारात. "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाय गं," मी गोड हसून म्हणाले, "तू लई विचार करती."

आता आठ दिवस तिची झोप उडू द्या.

माझं चुकलं का, सांगा. पण नुसता अंगठा पाठवू नका, त्याचाही अर्थ लावत बसावं लागतं.